आजार जुना, मोजणी नवी: डिमेन्शियाची पार्श्वभूमी

जगात २०२१ साली डिमेन्शियाचे, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती ढासळत जाणाऱ्या आजारांचे, सुमारे ५.७ कोटी रुग्ण होते. यातले ६० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. पण जेमतेम पन्नास वर्षांपूर्वी यातलाच अल्झायमर हा आजार दुर्मीळ समजला जायचा.

त्याला कारण ठरली पहिलीच रुग्ण. १९०१ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर आलेली बाई अवघी ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला, तेव्हा त्यात वेगळे बदल दिसले. १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं, आणि ते पुढे पासष्टीच्या आतल्या रुग्णांपुरतंच राहिलं. ऐंशीतला माणूस विसरायला लागला की ते म्हातारपण! युरोपातले डॉक्टर आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारे आपण, दोघांचं इथे एकमत होतं.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना वृद्धांच्या मेंदूतही तेच बदल दिसले. १९७६ मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून सांगितलं की पासष्टीच्या आतला आणि म्हातारपणातला, दोन्ही आजार एकच. एका फटक्यात दुर्मीळ आजाराचे लाखो रुग्ण झाले. वाढ झाली ती आधी मोजणीत, हे आजचे आकडे वाचताना विसरू नये.

आपल्याकडे १९९२ मध्ये केरळात या रुग्णांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. देशाचा मोठा अंदाज मात्र २०२३ मध्ये आला: साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे सुमारे ८८ लाख. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. नाशिक जिल्ह्यात आपण डोळ्यांसमोर आणतो तो नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेला पेन्शनर, पहाटेच डबा मागणारा, ‘गाडी चुकेल’ म्हणून दाराची कडी काढणारा. घरचे त्याला निदान डॉक्टरकडे नेतात. त्याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या पाड्यावर शाळेचं तोंड न पाहिलेली आजी चूल पेटती ठेवून निघून गेली, तर ‘आजीला चळ लागलाय’ एवढ्यावर विषय संपतो. आकडा सांगतो की धोका तिलाच जास्त.

इंग्लंडमध्ये मात्र प्रमाण घटताना दिसलं. १९९० च्या सुमाराच्या दराने २०११ पर्यंत पासष्टीपुढचे ८.३ टक्के रुग्ण निघायला हवे होते, निघाले ६.५. शिक्षण वाढलं, बीपी आणि हृदयविकाराकडे वेळीच लक्ष गेलं, हे त्यामागचं कारण मानलं जातं. तरी जगाचा आकडा २०५० पर्यंत १५ कोटींवर जाईल असा अंदाज आहे, कारण लोकसंख्या वाढतेय आणि माणसं जास्त जगताहेत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली. ती सगळी काढता आली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असं त्याचं गणित. कमी शिक्षण, बीपी, मधुमेह त्यात आहेतच. शिवाय कमी ऐकू येणं आणि उपचार न झालेली अधू नजरही आहे. कानाच्या मशीनचा विषय निघाला की ‘आता या वयात कशाला खर्च’ म्हणणारी घरं नाशिकच्या सुखवस्तू कॉलेज रोडवरही कमी नाहीत.