शब्द बदलणं आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणं, फरक नक्की कुठे पडतो?

असाइनमेंट देताना सर-मॅडम सांगतात 'स्वतःच्या शब्दांत लिहा', आणि बरेच जण पुस्तक समोर उघडं ठेवून एकेका वाक्यातले शब्द बदलत बसतात, आणि त्यांना मनापासून वाटत असतं की सांगितलं तेच आपण केलं. पण ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

समजा पुस्तकात आहे, 'मागणी कायम राहून पुरवठा घटला की किंमत वाढते.' तुम्ही लिहिलं, 'डिमांड तेवढीच असताना सप्लाय कमी झाला तर भाव चढतो.' वाक्याचा सांगाडा तोच, क्रम तोच, फक्त शब्द बदलले. बऱ्याच ठिकाणी हे कॉपीतच धरतात, खाली पुस्तकाचं नाव दिलं असलं तरी. आता हे बघा: 'घेणारे तेवढेच पण माल कमी, मग जो जास्त पैसे मोजायला तयार त्यालाच तो मिळतो, म्हणून विकणाऱ्याला भाव वाढवता येतो.' इथे भाव 'का' वाढतो ते आलं, आणि ते कळल्याशिवाय असं लिहिताच येत नाही.

हे जमायला एकच करा, उतारा नीट वाचा, पुस्तक बंद करा, आठवेल तसं लिहा आणि मग पुस्तक उघडून चुकलंय काय, राहिलंय काय ते तपासा. सुरुवातीला फार कमी आठवतं, त्याने घाबरू नका प्लीज, कारण त्या आठवण्याच्या धडपडीतच अभ्यास होतो. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना 5 मिनिटांनी जास्त आठवलं (81 टक्के, आठवून लिहिणाऱ्यांना 75), पण आठवड्याने चित्र उलटं झालं, आठवून लिहिणारे 56 टक्क्यांवर आणि पुन्हा वाचणारे 42 वर. म्हणजे परीक्षेची तयारी याच्यातच होऊन जाते, वेगळी रट्टा मारायची गरज कमी पडते.

शब्द बदलून देणाऱ्या ऑनलाइन टूलचं काय? तो पहिलाच प्रकार, उलट त्यात उतारा तुमच्या डोक्यातून गेलेलाही नसतो.

आणि हो, सगळं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी सोर्स द्यावाच लागतो, कारण शब्द तुमचे असले तरी कल्पना त्या लेखकाची आहे. व्याख्या जशीच्या तशीच हवी असेल तर ती सरळ अवतरणचिन्हांत टाका आणि पान नंबर द्या, त्यात कमीपणा काहीच नाही.