हाडांना घाई नसते

वजनकाट्याची एक खोड आहे. चरबी, स्नायू, हाडं, पोटातलं अन्न आणि अंगातलं पाणी तो एकाच आकड्यात बसवतो. त्यातलं नेमकं काय कमी झालं, हे त्याला विचारायची सोय नाही. 'आठवड्यात तीन किलो' छापाच्या सगळ्या योजना याच खोडीवर जगतात.

गंमत म्हणजे हा दावा बऱ्याचदा खराही ठरतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये मिळून साधारण 400 ते 500 ग्रॅम ग्लायकोजेन असतं, म्हणजे लागेल तेव्हा वापरायला साठवलेली साखर. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. जेवण एकदम तोडलं, त्यातही पिष्टमय पदार्थ बंद केले, की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. पोटात अन्न कमी, मीठ कमी, म्हणून आणखी थोडं उतरतं. काटा खूश, माणूस खूश.

आता चरबीचा हिशेब मांडू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 किलोकॅलरी. ज्याची दिवसाची गरज 2,200 किलोकॅलरी आहे, अशा माणसाने सात दिवस अन्नाचा कण घेतला नाही, तर 15,400 किलोकॅलरींची तूट पडते. ती सगळीच्या सगळी चरबीतून भरली गेली असं धरलं, तरी दोन किलो होतात. प्रत्यक्षात तेवढेही नाही, कारण उपाशी शरीर स्नायूंतली प्रथिनंही मोडून खातं. म्हणजे आठवड्यात तीन किलो चरबी घालवणं अशा माणसाला पूर्ण उपाशी राहूनही जमत नाही. मग दोन दिवस नेहमीसारखं जेवलं, की ग्लायकोजेन भरतं, पाणी परत येतं, आणि ये रे माझ्या मागल्या. त्या माणसाला वाटतं आपला निग्रह कमी पडला. खरं तर गेलं होतं ते पाणी, आणि आलं तेही पाणीच.

शरीरातल्या प्रत्येक गोष्टीची बदलण्याची स्वतःची गती असते. पाणी तासांत हलतं, रक्त दिवसांत बदलतं, स्नायू आठवड्यांत, हाडं महिन्यांत. झटपट उपाय चपळ गोष्टींवर काम करतात. तब्येत मात्र मंद गोष्टींवर उभी असते, आणि त्यांना घाई लावता येत नाही. हे एकदा लक्षात आलं की फिटनेसच्या नावाने चालणारे बरेचसे गोंधळ उलगडतात.

व्यायामाचंच पाहा. पळायला सुरुवात केली की आठवड्याभरातच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त पुढे जातं आणि पहिल्या दिवशी लागलेली धाप दहाव्या दिवशी तेवढी लागत नाही. वजनं उचलणाऱ्यांनाही असाच सुखद धक्का बसतो. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद भराभर वाढते, पण स्नायू अजून फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि मज्जातंतू आधीच असलेले स्नायुतंतू जास्त चांगले वापरायला शिकलेले असतात. इथेच आरंभशूर फसतो. दमसास वाढला, जोर वाढला, तर अंतरही दुप्पट करू, असं त्याला वाटतं.

हाडांना ही बातमी अजून पोचलेली नसते. हाड जिवंत असतं आणि ताण पडला की स्वतःची डागडुजी काढतं, पण त्याची रीत रस्ता दुरुस्त करणाऱ्यांसारखी आहे: आधी खोदायचं, मग भरायचं. एका पेशीगटाने जुनं हाड खरवडून काढायचं, दुसऱ्याने तिथे नवं घालायचं आणि मग ते हळूहळू टणक व्हायचं. एका जागची ही फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. खोदकाम लवकर उरकतं, भराव रेंगाळतो. त्यामुळे अचानक भार वाढवलेल्या माणसाचं हाड काही आठवडे उलट थोडं कमजोर असतं. नव्या दमाच्या धावकाची नडगी दुखायला लागते ती बहुतेकदा याच काळात. ते दुखणं मनावर न घेता तो पळत राहिला, तर हाडाला बारीक चीरही जाऊ शकते.

कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे ते चिवट पट्टे, याहूनही संथ. किती संथ, हे ज्या पद्धतीने कळलं ती मला फार आवडते. 1955 ते 1963 या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-14 चं, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी प्रकाराचं, प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं आणि नंतर वर्षागणिक उतरत गेलं. हा कार्बन अन्नातून सगळ्यांच्याच अंगात गेला. म्हणजे एखादी ऊती कधी बनली, हे तिच्यातल्या कार्बनवरून ओळखता येतं. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी टाचेवरच्या कंडरेत हा कार्बन मोजला आणि 2013 साली निष्कर्ष जाहीर केले. प्रौढ माणसांच्या कंडरेचा गाभा त्यांच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडला होता आणि त्यानंतर जवळपास तसाच राहिला होता. व्यायामाने कंडरा बळकट होते, पण त्याला कित्येक महिने सलग, बेताचा भार लागतो. एकदा ती दुखावली, की भरून यायलाही तेवढाच वेळ जातो.

याशिवाय एक टोकाचा धोका आहे. सवय नसताना पहिल्याच दिवशी झेपण्यापलीकडचा व्यायाम केला, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. असह्य अंगदुखी आणि गडद, तपकिरी लघवी ही त्याची खूण. अशा वेळी घरी शेकत बसायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो.

भुकेची गती या सगळ्यांहून निराळी आहे. ती चढते लवकर आणि उतरते फार उशिरा. 1944 च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी 36 तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. महायुद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ-पिऊ कसं घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण युद्धावर जायला तात्त्विक कारणाने नकार दिलेले, धडधाकट आणि स्वेच्छेने आलेले. 24 आठवडे त्यांचा आहार साधारण निम्म्यावर आणला गेला, म्हणजे दिवसाला सुमारे 1,600 किलोकॅलरी. आजचे कितीतरी 'क्रॅश डाएट' याहून कमी देतात. त्यांचं वजन जवळपास चतुर्थांशाने घटलं, पण वाचण्यासारखं आहे ते त्यांचं वागणं. ताटातलं थोडंसं अन्न ते दोन-दोन तास चिवडत बसत. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. च्युइंगम इतकं खाल्लं जाऊ लागलं की त्यावर बंधन घालावं लागलं. थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, कशात रस उरला नव्हता. पोटभर जेवण पुन्हा सुरू झाल्यावर बरेचजण पोट तट्ट फुगलं तरी भूक भागत नाही म्हणून सांगायचे, आणि अंगावरची चरबी आधीपेक्षा वर गेली. स्नायू मागाहून सावकाश भरले.

याचं रसायन कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिनचा शोध लागला. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि त्यावरून मेंदूला साठा किती आहे हे कळतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू भूक वाढवतो, खर्च कमी करतो. मेलबर्नमधल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 50 जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वजन उतरलं. त्यानंतर वर्ष लोटलं तरी त्यांची भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. 'द बिगेस्ट लूजर' या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांचं तर याहून अवघड झालं. 30 आठवड्यांत त्यांनी सरासरी 58 किलो वजन उतरवलं होतं. सहा वर्षांनी संशोधक केव्हिन हॉल यांनी त्यांना पुन्हा तपासलं तेव्हा सरासरी 41 किलो परत आलेले होते, आणि स्वस्थ पडून असताना त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 किलोकॅलरी कमी खर्च करत होतं.

याच गटाच्या पुढच्या विश्लेषणात एक उपयोगी गोष्ट दिसली. ज्यांचं वजन बऱ्यापैकी टिकलं, त्यांची रोजची हालचाल इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाढलेली होती. वजन उतरवण्यात व्यायामाचा वाटा लोकांना वाटतो त्याहून लहान आहे, ते टिकवण्यात मोठा. जाहिराती नेमकं उलटं सांगतात.

मग मंद गोष्टी बदलतात तरी का? बदलतात, आणि उशिरा सुरुवात केली तरी बदलतात. 1966 साली अमेरिकेत डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा बोलावलं. आता ते पन्नाशीचे झाले होते आणि वजन पूर्वीपेक्षा बरंच वाढलं होतं. तरीही तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जेवढी क्षमता गेली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयाने गेली नव्हती! त्यांना चालणं, हलकं पळणं आणि सायकल असा कार्यक्रम दिला. भार जाणूनबुजून हळूहळू वाढवला आणि सहा महिन्यांनी ते आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास पोचले. वयाबरोबर गेलेली क्षमता पूर्ण भरून निघाली. विशीत, झोपवण्याआधी, होती तिथे ती परत आली. वजन मात्र साडेचार किलोंच्या आसपासच उतरलं. केवळ वजन बघून चाललेला माणूस एवढ्याशा फळासाठी सहा महिने थांबला असता का, याची मला शंका आहे.

सहा महिने टिकायचं म्हणजे सवय हवी, आणि सवयीचंही स्वतःचं वेळापत्रक आहे. '21 दिवसांत सवय लागते' हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लिखाणात सापडतो. बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना 'किमान' 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे 'किमान' गळालं आणि चेहराही गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांच्या नव्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या. कृती आपोआप होऊ लागायला साधारण 66 दिवस लागले, पण कुणाला 18 पुरले आणि कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. व्यायामासारख्या गोष्टींना पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे नव्याचे नऊ दिवस संपले की उत्साह ओसरणार, हे गृहीत धरूनच आखणी करावी.

इच्छाशक्तीवरच्या भाषणांपेक्षा साध्या आखणीचा उपयोग जास्त होतो, याचा एक पुरावा 2002 साली ब्रिटनमध्ये मिळाला. एका गटाने केवळ नोंद ठेवली, दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून दिले, तिसऱ्याला फायदे सांगून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार ते लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन गटांतल्या 38 आणि 35 टक्के लोकांनी व्यायाम केला, तिसऱ्यातल्या 91 टक्क्यांनी. अभ्यास विद्यार्थ्यांवरचा आणि मुदत थोडी, म्हणून 91 हा आकडा सगळ्यांना लागू होईल असं मानू नये. पण वेळ आणि जागा लिहून ठेवायला खर्च तो काय!

किती व्यायाम पुरे, याबाबत जागतिक आरोग्य संघटना 2020 पासून सांगते: आठवड्याला मध्यम जोराची 150 ते 300 मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. सलग दहा मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट काढून टाकली आहे. जिने मोजले जातात, बाजारापर्यंत चालत जाणं मोजलं जातं. रोज दहा हजार पावलं हा आकडाही प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांच्या 2019 च्या अभ्यासात, रोज 4,400 पावलं चालणाऱ्यांचा मृत्युदर 2,700 चालणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी दिसला. साधारण 7,500 च्या पुढे जास्तीचा फायदा दिसेनासा झाला.

सगळं नीट चाललेलं असताना आजारपण येतं, प्रवास निघतो, कामाचा रेटा वाढतो. इथे शरीर बरीच सवलत देतं. 1980 च्या आसपास रॉबर्ट हिक्सन यांनी काहीजणांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करायला लावला आणि मग दिवस कमी करून दोनवर आणले. जोर तेवढाच ठेवला होता. पंधरा आठवडे ते दोन दिवसांवरच होते, तरी कमावलेला दमसास टिकून राहिला. म्हणून अडचणीच्या महिन्यात व्यायाम सोडण्यापेक्षा दिवस कमी करावेत. पूर्णच खंड पडला असेल, तर परतताना पूर्वीच्या निम्म्या भारापासून सुरुवात करावी आणि महिनाभर घेऊन वर चढावं. दम त्याआधीच परत आलेला असेल, पण नडग्या आणि कंडरा अजून मागे असतील. हृदयविकार, मधुमेहाची औषधं किंवा चालताना छातीत भरून येणं असं काही असेल, तर पहिला भार किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.