मेसेज केला म्हणजे नोटीस दिली, असं नाही

नळ गळतोय, भाडं टाकलं, रविवारी घर बघायला कोणी येतंय, या कामांना व्हॉट्सॲपच बरं. त्यावर शाई घालवायची गरज नाही. घोळ होतो तो घर सोडताना किंवा सोडायला लावताना. "निळी टिक आली ना, आता महिना मोजा!" हे वाक्य घरमालकही फेकतात आणि भाडेकरूही.

मेसेज पुरावा म्हणून चालतो, पण तेवढ्याने तो नोटीस ठरत नाही. अमुक बोलणं झालं एवढंच त्यातून दाखवता येतं. नोटिशीने मुदत सुरू होते, म्हणून ती कशी द्यायची हे कायद्याने किंवा कराराने बांधलेलं असतं. महिनेवारी भाडेकरू असेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १०६ बघा: १५ दिवसांची मुदत, लेखी मजकूर, देणाऱ्याची सही, आणि टपालाने किंवा हातोहात पोचवणं. दिवस मोजायचे ते नोटीस मिळाल्यापासून. भाडं थकल्याबद्दल महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली घर खाली करून घेण्याचा दावा लावायचा तर याच पद्धतीने नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मुळे फोनवरचा मजकूर 'लेखी' धरला जातो, पण गाडी सहीपाशी अडते. मेसेजखाली टाईप केलेलं नाव म्हणजे कायद्यातली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे.

निळी टिक दिसली म्हणजे नोटीस पोचली, असं धरणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश हमखास पुढे केला जातो. तो क्रेडिट कार्डाच्या थकबाकी वसुलीतल्या नोटिशीबद्दल होता. घरभाड्याशी त्याचा संबंध नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये (म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी, भाडेपट्टा नव्हे) कलम १०६ येत नाही, करारातलं नोटिशीचं कलम चालतं. (अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे महाराष्ट्रात खोटं आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची.) एजंटच्या छापील मसुद्यात बहुतेक वेळा नुसतं 'एक महिन्याची लेखी नोटीस' असतं. तिथेच भर घाला: दोन्ही बाजूंचे ईमेल आणि मोबाइल नंबर, एकत्र राहणारे असतील तर प्रत्येकाचे, ईमेल कधी पोचला असं धरायचं, नंबर बदलल्यास किती दिवसांत कळवायचं. घर सोडण्याची नोटीस ईमेलबरोबर स्पीड पोस्टनेही जाईल, असं लिहा. जुन्या मसुद्यातला 'रजिस्टर पोस्ट' हा शब्द बदला, कारण ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे.

व्हॉइस नोटवर नोटीस देणं तर शुद्ध आळस. एजंटला कळवलं म्हणजे मालकाला कळवलं, हेही डोक्यातून काढा. चॅटमधला 'मेसेज आपोआप गायब' हा पर्याय बंद ठेवा आणि डिपॉझिटचा हिशेब मिटेपर्यंत तो फोन विकू नका. कापलेल्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका: कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.