छातीतली धडधड आणि गळ्यातली ग्रंथी

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर आरती होते. गेल्या चवथीत, पन्नासेक वर्षं घुमट वाजवणाऱ्या मामांनी आरती अर्ध्यावर असताना घुमट खाली ठेवलं. "हात ठीक आहे रे, छातीतला ताल लागत नाही," म्हणाले. मी त्यांची नाडी पाहिली. दोन ठोके घाईने, मग रिकामी जागा, मग तीन, मग एक अगदी पुसट. समेवर यायचं नावच नाही. वय अडुसष्ट. सहा महिन्यांत पाच किलो वजन उतरलं होतं आणि त्याचं श्रेय ते सकाळच्या फिरण्याला देत होते.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली. कारण सापडलं ते रक्ताच्या तपासणीत: टीएसएच जवळजवळ शून्य. "थायरॉइड कमी झालाय तर," शेजारी म्हणाले. अर्थ नेमका उलटा होता. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइड ग्रंथी स्वतः बनवत नाही, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला "आणखी बनव" असं सांगतं. रक्तात थायरॉइडचं संप्रेरक वाजवीपेक्षा जास्त झालं की पीयूष ग्रंथी मागणीच बंद करते. म्हणून टीएसएच तळाला जाणं हे बहुतेक वेळा थायरॉइड जास्त झाल्याचं लक्षण असतं.

श्वासनलिकेला बिलगलेली ही ग्रंथी जेमतेम वीस ग्रॅमची. ती मुख्यतः टी-४ हे संप्रेरक सोडते, शरीरात त्याचं टी-३ होतं आणि हे टी-३ हृदयाच्या पेशींच्या थेट केंद्रकात शिरून तिथे कोणती प्रथिनं किती बनायची हे बदलतं. ॲड्रिनलिनला दाद देणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात, ठोके वाढतात. पण लय बिघडते ती आणखी एका गोष्टीमुळे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची पेशी क्षणभर बहिरी होते, नवा विद्युतसंदेश ऐकत नाही. या बहिरेपणामुळेच शिस्त टिकते. टी-३ जास्त झालं की वरच्या कप्प्यांतली ही उसंत आखडते. मग फुप्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या मुखाशी एखादी भटकी ठिणगी पडली, तरी तिला गोल गोल फिरायला मोकळं रान मिळतं. कप्पे आकुंचन पावायचे सोडून मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसते थरथरतात. त्यातले काही संदेश वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या गाठीतून खाली झिरपतात, कधी लवकर, कधी उशिरा. मनगटावर मला लागले ते हेच.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलं की गोठू शकतं, आणि ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हा धोका सुमारे पाचपट असतो, त्यामुळे "जरा धडधडतं, वयाचं असेल" म्हणून ते सोडून द्यायचं नाही.

गळा आणि हृदय यांचं हे नातं जुनंच आहे. इंग्लंडमधल्या बाथचे डॉक्टर कॅलेब पॅरी यांनी १७८६ मध्ये गळा सुजलेली आणि छाती जोरात धडधडणारी एक रुग्ण पाहिली होती. ती नोंद छापली गेली १८२५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. पुढे, १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात साठीपुढच्या लोकांचा दहा वर्षं मागोवा घेतलेला प्रसिद्ध झाला. ज्यांचं टीएसएच फार कमी होतं, त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशनचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. उतारवयात हा आजार लपतो. अनेकदा डोळे बाहेर येत नाहीत, गळा सुजत नाही, हात थरथरत नाहीत. फक्त वजन उतरतं, थकवा येतो आणि नाडी चुकते. मामांसारखंच.

थायरॉइड कमी असणाऱ्यांची गोळी प्रमाणाबाहेर झाली तरी हेच घडू शकतं. वर्षानुवर्षं तपासणी न करता तीच गोळी घेणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. वजन उतरावं म्हणून ती घेणं तर मला सरळ धोकादायक वाटतं.

मामी विचारत होती, "आता मासे बंद करायचे का?" नाही. रोजच्या जेवणातल्या मासळीतलं आयोडीन त्रास देण्याइतकं नसतं. खरा आयोडीनचा साठा औषधात सापडतो. बिघडलेली लय सुधारण्यासाठी देतात त्या अमियोडेरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं आणि शरीराची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. ते सगळं एकदम सुटत नाही, तरीही हृदयासाठी घेतलेलं हे औषध थायरॉइडला वर किंवा खाली ढकलू शकतं. म्हणून ते सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने टीएसएच पाहतात.

मामांना थायरॉइड रोखणारी कार्बिमाझोल, ठोके आवरणारी आणि रक्त गोठू न देणारी अशा तीन गोळ्या सुरू झाल्या. विजेचा झटका देऊन लय बसवण्याची घाई डॉक्टरांनी केली नाही. थायरॉइड आवरल्याशिवाय ती बहुधा टिकत नाही आणि आवरल्यावर निम्म्याहून अधिक जणांची लय काही महिन्यांत आपोआप परत येते. मामांची चौथ्या महिन्यात आली. शिगम्याला घुमट पुन्हा त्यांच्या हातात होतं. रक्त गोठू न देणारी गोळी अजून चालू आहे, ती थांबवायची की नाही हे पुढच्या तपासणीनंतर ठरेल.