पद्मिनीच्या पोटातली पोकळी

जुन्या विलीज जीपचे वायपर विजेवर चालत नसत. इंजिनाकडून एक रबरी नळी यायची आणि तिच्यातल्या ओढीवर ते हलायचे. माझे आजोबा सांगायचे, पावसाळ्यात खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की तमाशा सुरू व्हायचा. चढावर रेस दाबली की वायपर मरगळायचे, कधी काचेच्या मधोमध थांबायचे. समोरचं दिसेनासं झालं की ड्रायव्हर क्षणभर पाय उचलायचा, वायपर दोन-चार फटके सपासप मारायचे, मग पुन्हा रेस. आजोबांना ती जीपची खोड वाटायची. मला आता वाटतं, त्या काचेवर ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेजच बसवलेला होता, फक्त त्यावर आकडे नव्हते.

हे आठवलं काकांच्या पद्मिनीमुळे. काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे गेली, कारण ताडदेव आरटीओत २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली. खासगी गाड्या मात्र अजून तग धरून आहेत. ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या बनल्या तिथे आज कोहिनूर सिटी उभी आहे. काकांची गाडी सिग्नलला थांबली की इंजिन वर-खाली व्हायचं, आणि दादर टीटीला तर एका आठवड्यात दोनदा बंद पडली. दोन गॅरेजांनी प्लग, पॉइंट, कंडेन्सर सगळं बदललं. बिलं वाढली, खोकला तसाच.

तिसऱ्या गॅरेजातल्या पिकल्या केसांच्या मेकॅनिकने हत्यारं काढलीच नाहीत. ड्रॉवरमधून एक गोल डायल, म्हणजे व्हॅक्यूम गेज, काढली, तिची नळी कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) खालच्या बाजूला एका तोंडावर खोचली आणि इंजिन तापू दिलं. काटा १२ वर स्थिर. "साहेब, गाडी हवा खातेय," एवढंच म्हणाला.

त्या १२ चा अर्थ कळायला शहाळ्यातली स्ट्रॉ पुरते. आपण पाणी 'ओढतो' असं म्हणतो; प्रत्यक्षात तोंडातला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. पिस्टन खाली जाताना तेच करतो. त्याला हवा हवी असते, पण आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कार्बोरेटरमधलं हवेचं दार, बटरफ्लाय, जवळजवळ बंद असतं, फटीतून जेमतेम थोडी हवा आत येते. मागणी मोठी, पुरवठा तुटपुंजा, म्हणून बटरफ्लाय आणि सिलिंडरच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह यांच्यामधल्या जागेत दाब घसरतो. रेस पूर्ण दाबली की दार सताड उघडतं, हवा भसाभस येते आणि ओढ जवळपास शून्य होते. घाटात जीपच्या वायपरचा जीव जायचा तो याच कारणाने.

ही ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याचा सुमारे ३० इंचांचा स्तंभ तोलून धरतो. धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २१ च्या दरम्यान दाखवतं. २० दाखवलं तर त्या पोकळीत हवेचा दाब बाहेरच्या एक-तृतीयांशच उरलेला असतो. स्ट्रॉला मधे भोक पडलं तर कितीही ओढा, पाणी नीट चढत नाही; इथे ते भोक कुठेतरी जोडातल्या पॅकिंगमध्ये होतं.

मेकॅनिकने सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीत पाणी भरलं आणि जोडांच्या कडांवर थेंब-थेंब सोडत गेला. काही जण इथे पेट्रोल किंवा स्प्रे मारतात. तापलेल्या इंजिनावर तो आगीशी खेळ आहे, पाण्याने काम होत असताना तर मूर्खपणाच. कार्बोरेटरच्या बुडाच्या जोडावर थेंब पडला आणि काटा १२ वरून १५ वर उडी मारून पुन्हा खाली आला. पाण्याने क्षणभर भोक बुजवलं होतं. ज्या वाटेने ही चोरटी हवा येत होती तिच्यात पेट्रोल मिसळलेलं नसायचं, त्यामुळे मिश्रण पातळ व्हायचं आणि इंजिन डगमगायचं. प्लग बदलून यात काय होणार? नवीन पॅकिंग घातलं, जोडाची कड (फ्लँज) घासून सपाट केली, आणि काटा १८ वर गेला.

इतक्यावर थांबलो असतो तर बरं, पण मला चटक लागली. पुढच्या रविवारी चोर बाजारातून एक वापरलेला गेज घेतला आणि ओळखीच्यांच्या जुन्या गाड्यांना लावत सुटलो. तेव्हा लक्षात आलं की काटा कुठे उभा आहे यापेक्षा तो कसा थरथरतो ते जास्त बोलकं आहे.

यामागचं गणित सुंदर आहे. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर, फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला ४००, सेकंदाला सहा-सात वेळा. चौघांचे मिळून सेकंदाला सुमारे २७ श्वास. एवढ्या वेगाने काटा हलू शकत नाही, तो सरासरीवर स्थिर उभा राहतो. पण चौघांतला एकच आजारी असेल तर त्याचा झटका सेकंदाला सहा-सात वेळाच येतो, आणि तो काट्याला दाखवता येतो. व्हॉल्व्ह जळाला असेल तर ठरावीक तालात, दर खेपेला तितकाच, काटा खाली टिचकी मारतो. टिचकी अधूनमधून, बेताल पडली तर अडकणारा व्हॉल्व्ह किंवा मिसिंग मारणारा प्लग. मग एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने काढून बघायची. चांगल्या सिलिंडरची काढली की काटा पडतो, आळशाची काढली तर ढिम्म.

काटा हळूहळू, झोके घेतल्यासारखा पुढे-मागे गेला तर बहुधा कार्बोरेटरचं मिश्रण बिघडलेलं असतं. दोन शेजारच्या सिलिंडरमधलं हेड पॅकिंग उडालं तर काटा मोठमोठे हेलकावे खातो. तोवर गाडीचा आवाजच सांगून टाकतो, गेज लागत नाही.

स्थिर पण कमी आकड्याचा अर्थ लावणं सर्वांत फसवं. १४-१५ वर शांत उभा काटा म्हणजे टायमिंग मागे असेल (ठिणगी उशिरा पडत असेल), नाहीतर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील. दोन्हीत इंजिनाची ताकद घटते, मग ते बंद पडू नये म्हणून बटरफ्लाय जरा जास्त उघडी ठेवावी लागते आणि ओढ कमी होते. रोग दोन, लक्षण एक. निवाडा असा करायचा: रेस झटक्यात दाबून सोडायची. काटा शून्याकडे पडतो आणि सोडताच, इंजिन जोरात फिरत असताना दार बंद झाल्यामुळे, २४-२५ पर्यंत उसळतो. रिंगा गेल्या असतील तर ती उसळी येत नाही. उसळी चांगली आली तर प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून बघावा, काटा चढला तर टायमिंगच. मात्र काटा सर्वांत वर जाईल तिथे आवळून टाकायची काही मेकॅनिकांची सवय मला पटत नाही. आयडलिंगला गोड वाटणाऱ्या त्या टायमिंगवर इंजिन फ्लायओव्हर चढताना ठोकायला लागतं.

नळी कुठे लावली यावरही सगळं अवलंबून. काही कार्बोरेटरना बटरफ्लायच्या वरच्या बाजूलाही एक तोंड असतं. तिथे गेज लावला तर आयडलिंगला शून्य दिसतं आणि माणूस घाबरून इंजिन उतरवायला निघतो. एका मित्राच्या गाडीला मी हे केलेलं आहे.

आणखी एक चाचणी मुंबईत उपयोगी, कारण तुंबलेल्या पाण्यातून गेलेले सायलेन्सर आतून गंजतात. २५०० आरपीएमवर रेस धरून ठेवायची. काटा आधी वर जाऊन मग सावकाश घसरत राहिला तर धूर बाहेर पडायला जागा नाही, सायलेन्सर चोक आहे.

हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने आणखी एक भर घातली आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. नवी गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवते, पण कार्बोरेटरला असं काही कळत नाही, तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ पडतं. जुनी रबरं आणि पॅकिंगंही या पेट्रोलला नीट टिकत नाहीत. हवा खाणाऱ्या पद्मिनी यापुढे जास्त भेटतील असा माझा अंदाज आहे.

दुरुस्तीनंतर काकांबरोबर लोणावळ्याला गेलो. गेज डॅशबोर्डवर टेपने चिकटवला होता. तिथे चहाला थांबलो तेव्हा आयडलिंगला काटा १६! काकांचा चेहरा पडला. पॅकिंग पुन्हा गेलं? पण लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर, म्हणजे दोन हजार फुटांवर आहे, आणि दर हजार फुटांना काटा साधारण एक इंच कमी दाखवतो. बाहेरची हवाच विरळ, तर ढकलणार किती? १६४८ साली शास्त्रज्ञ पास्कलच्या मेव्हण्याने, पेरिएने, पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्युय द डोम डोंगरावर नेली तेव्हा पारा ८ सेंटीमीटरांहून थोडा जास्त उतरला होता. आम्ही तोच प्रयोग वडापाव खात केला. महाबळेश्वरला गेलो असतो तर साडेचार इंचांच्या आसपास गमावले असते.

घाट उतरून पनवेलला आलो, काटा परत १८. पण आता सवयीने बारकाईने बघितलं तर आयडलिंगला तो बारीक थरथरत होता आणि रेस वाढवली की शांत व्हायचा. व्हॉल्व्ह ज्यात सरकतात ते गाइड झिजल्याची ही खूण. सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळसर धूर येतो तो त्यामुळेच असणार. काकांना सांगितलं.

"माझ्या गुडघ्यांचंही तसंच आहे," ते म्हणाले. "उठताना कुरकुरतात, चालायला लागलं की ठीक."

इंजिनाचं हेड उतरवायचं दिवाळीनंतर ठरलंय.