फाइलीच्या डोक्यावरची ती ओळ

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतली जुनी फाइल उघडली की अगदी वर, हॅशनंतर, तारका आणि डॅशांच्या महिरपीत ‘कोडिंग: यूटीएफ-८’ असं लिहिलेलं दिसतं. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत. पायथॉन ३ मध्ये ही ओळ उडवली तरी काही बिघडत नाही. तरीही नव्या फायलींत ती चिकटवली जाते, दाराला लिंबू-मिरची बांधावी तशी.

पायथॉन २.० मध्ये, म्हणजे २००० साली, युनिकोड स्ट्रिंग, म्हणजे जगभरच्या लिप्यांतली अक्षरं सामावणारे मजकुराचे तुकडे, आल्या. पण सोर्स फाइल, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, अक्षरं साठवायच्या कुठल्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केली आहे, हे सांगायची सोयच नव्हती. प्रोग्रॅम वाचून चालवणारा इंटरप्रिटर युनिकोड स्ट्रिंगमधले बाइट लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीची, एका बाइटला एक अक्षर देणारी पद्धत) समजून वाचायचा. पश्चिम युरोपात ते खपून गेलं. यूटीएफ-८ मधला आपला ‘म’ मात्र तीन बाइटांचा. त्याचं व्हायचं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं फ्रेंच ए, चलनाचं चिन्ह आणि वर्तुळातला आर!

२००१ मध्ये मार्क-आंद्रे लेम्बर्ग आणि मार्टिन फॉन लोविस यांच्या ‘पेप २६३’ या पायथॉन-सुधारणेच्या प्रस्तावाने यावर तोड काढली: एन्कोडिंग पहिल्या किंवा दुसऱ्या ओळीतल्या कॉमेंटमध्ये, म्हणजे हॅशनंतरच्या टीपेत, सांगा. दुसरी ओळ चालते, कारण युनिक्सवर पहिली शेबँगने, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रॅमने चालवायची हे सांगणाऱ्या ओळीने, अडवलेली असते. महिरप ईमॅक्स एडिटरसाठी. पायथॉनला तिच्याशी देणंघेणं नाही. २००३ च्या २.३ मध्ये ओळ नसेल तर नुसती ताकीद मिळे; २००६ च्या २.५ पासून थेट सिंटॅक्स एरर. कॉमेंटमध्ये एक मराठी शब्द असला तरी स्क्रिप्ट अडून बसायची.

आणि ओळ लिहूनही साधी स्ट्रिंग बाइटांचीच राहायची. ‘मराठी’ची लांबी विचारली की उत्तर १५. डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडच्या हिशेबाने पाच खुणा, प्रत्येकीचे तीन बाइट.

डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३.० आलं, सोर्स फाइल मुळातच यूटीएफ-८ धरली जाऊ लागली आणि लांबी पाचवर आली. ‘पेप ३१३१’मुळे व्हेरिएबलचं नाव ‘किंमत’ ठेवायचीही मुभा मिळाली.

त्यातही मराठीची एक खोच आहेच. ‘दुसऱ्या’ हे नाव खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरून टाइप केलं तर चालतं. तोच अर्धा र साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे ही अक्षरं जोडणारी अदृश्य खूण जोडून आला, तर स्क्रीनवर फरक दिसत नाही, पण पायथॉन ते नाव नाकारतो.