पाकिटावरचा पत्ता आणि आतली सही: ई-मेलच्या तोतयेगिरीची पार्श्वभूमी

आंतरदेशीय पत्राच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता लिहायला जागा असते. तिथे कोणीही काहीही लिहावे, पोस्टमन ते तपासत बसत नाही. ई-मेलची घडणही नेमकी अशीच. ऑगस्ट १९८२ मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे ई-मेल पोचवण्याच्या पद्धतीचे, नियम प्रसिद्ध केले, तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर होती ती मुख्यतः विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लष्करी संस्था. एका सर्व्हरने (टपाल पोचवणाऱ्या संगणकाने) ‘हे टपाल अमक्याचे’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ते खरे मानायचे. पोस्टेल यांना आज दोष देणे सोपे आहे, पण ओळखीच्या चार घरांत कुलूप कोण लावतो?

त्यात पाठवणाऱ्याचे पत्ते दोन. एक पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर एकमेकांना सांगतात. दुसरा आतल्या कागदावरचा, जो आपल्याला ‘फ्रॉम’समोर दिसतो. हे दोन्ही जुळलेच पाहिजेत असे बंधन नव्हते. तोतयांनी शिरकाव केला तो याच फटीतून.

बँका आणि दुकाने जाळ्यावर आली तशी ही फट महागात पडू लागली. २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी आधीच्या काही कल्पना एकत्र करून एसपीएफ मांडले. आपल्या डोमेनचे (पत्त्यातल्या ‘@’नंतरच्या नावाचे) टपाल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघेल, याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या जाहीर नोंदवहीत, टाकायची. घेणारा सर्व्हर ती पाहून ठरवतो. मायक्रोसॉफ्टने याच्या जवळची ‘सेंडर आयडी’ पुढे केली आणि पेटंटच्या अटींवरून वाद पेटला. अपाची आणि डेबियन या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या संघटनांनी त्या अटी नाकारल्या. मानक ठरवायला बसलेला आयईटीएफचा (इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा) गट २००४ मध्येच जन्मला आणि २००४ मध्येच गुंडाळला गेला. एवढ्या भांडणानंतर एसपीएफचा अधिकृत दस्तऐवज २००६ मध्ये निघाला, तोही ‘प्रायोगिक’ म्हणून. शिवाय ते तपासते पाकीट. आतला कागद नाही.

कागदाकडे वळले ते याहूचे मार्क डेलनी. त्यांचे ‘डोमेनकीज’ आणि सिस्कोची अशीच एक योजना मिळून २००७ मध्ये डीकेआयएम तयार झाले. पाठवणारा सर्व्हर गुप्त किल्लीने पत्रावर सही करतो, तिची जाहीर जोडकिल्ली डीएनएसमध्ये असते. वाटेत सही केलेला मजकूर बदलला की सही जुळत नाही. पण सहीचे बळ किल्लीच्या लांबीइतकेच. २०१२ मध्ये उजेडात आलेल्या प्रकरणात एका अमेरिकी गणितज्ञाच्या ध्यानात आले की गूगलची किल्ली अवघ्या ५१२ बिटांची, म्हणजे फोडता येईल इतकी आखूड आहे. त्याने ती फोडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्याला मेल धाडला. किल्ली लगोलग बदलली गेली.

तरी फट उरलीच होती. एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही पास, आणि ‘फ्रॉम’मध्ये तिसऱ्याचेच डोमेन, हे शक्य होते. खोट्या मेलांनी बेजार झालेल्या पेपॅलने आधी याहू आणि जीमेलशी खासगीत ठरवून घेतले: आमची सही नसेल तर टाकून द्या. त्याच धड्यातून जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर झाले. दिसणारे ‘फ्रॉम’ दोन्हींपैकी निदान एका तपासणीतल्या डोमेनशी जुळले पाहिजे. नाही जुळले तर काय करायचे (काही नाही, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा) हे डोमेनच्या मालकाने सांगायचे. माझ्या मते खरा पालट हाच. एप्रिल २०१४ मध्ये याहूने ‘नाकारा’ लावले आणि जगभरच्या मेलिंग लिस्टा (एकाचा मेल सगळ्या सभासदांना धाडणाऱ्या याद्या) कोलमडल्या, कारण त्या सभासदाच्या नावानेच मेल पुढे पाठवत. म्हणून अनेक कंपन्या वर्षानुवर्षे ‘काही नाही’वरच थांबल्या. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले. गूगलच्या लेखी मोठे प्रमाण म्हणजे जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० मेल.

मात्र ही तपासणी डोमेनची, माणसाची नाही. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचे तिकडे करून डोमेन विकत घेतले, तर तिन्ही परीक्षा रीतसर पास होतात. त्यावर रिझर्व्ह बँकेने वेगळी वाट धरली: भारतातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर यावे, आणि ती नावे फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग-तंत्रज्ञान संस्थेकडूनच मिळतील.